ओढ्याला थांबायला जागा द्या

वळवाचा पहिला दणका बसला की कोल्हापूरच्या पंचगंगेत मासे तरंगायला लागतात. लोक लगेच वरच्या कारखान्याकडे बोट दाखवतात आणि कधीकधी ते खरंही असतं. पण त्या दिवशी कुणी काही सोडलं नसलं तरी मासे मरू शकतात. ऑक्टोबरपासून मेपर्यंत नाल्यांच्या तळाशी काळा गाळ बसत जातो, त्यात ऑक्सिजन नावालाही नसतो. वळवाचं पाणी हा गाळ तासाभरात ढवळून नदीत ढकलतं. नदीत बंधाऱ्यामागे पाणी आधीच तुंबून तापलेलं असतं. गाळातलं सल्फाइड आणि कुजका मैला मिळून तिथला उरलासुरला ऑक्सिजन खेचून घेतात आणि पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतात.

म्हणून पंचगंगा ज्यांच्यातून होते त्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीच्या पाण्याची काळजी असेल तर सुरुवात त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांपासून करावी लागते. ओढा मुळात स्वतःला साफ करतो. उथळ पाणी दगडांवरून खळखळतं तेव्हा हवा मिसळते. दगडांवर जो बुळबुळीत थर असतो तो म्हणजे जिवाणूंची वस्तीच. वाहून आलेली घाण हेच त्यांचं अन्न, आणि ते पचवायला त्यांना ऑक्सिजन लागतो. डोहात गाळ बसतो, वळणावर पाणी रेंगाळतं, काठच्या लव्हाळ्याच्या मुळांत बारीक कण अडकतात. आपण काय केलं? ओढा सरळ केला, दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती घातल्या, तळाला काँक्रीट केलं. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहणारं पाणी असा एक किलोमीटरचा नाला ३३ मिनिटांत पार करतं. सांडपाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, मोजायची तर प्रयोगशाळेत बाटली २७ अंशाला तीन दिवस ठेवतात, इतका वेळ जिवाणूंना जेवायला लागतो. आपण त्यांना अर्धा तास देतो आणि वर म्हणतो ओढा मेला.

इथेच जिवाणूंच्या कल्चरचा, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंच्या तयार द्रावणाचा, विषय काढायला हवा, कारण नाला सुधारणेच्या नावाखाली सर्वांत जास्त खपतात ते हे डबे. पिंपातून द्रावण नाल्यात सोडायचं, चार दिवस वास कमी होतो, लोक खूश होतात. पण सांडपाण्यात जिवाणूंची वाण कधीच नसते, एका थेंबात ते लाखांनी असतात. कमी पडते ती चिकटायला जागा, थांबायला वेळ आणि श्वासाला हवा. वाहत्या नाल्यात ओतलेलं कल्चर दुसऱ्या दिवशी नदीत पोचलेलं असतं. साचलेल्या डबक्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये ते टाकण्यात थोडा अर्थ आहे. वाहत्या नाल्यात तेच पैसे दगडाला, जाळीला आणि गाळ काढणाऱ्या माणसांच्या मजुरीला लावावेत.

पण आधी हिशोब करा, मग दगड आणा. लहान ओढ्याचा प्रवाह मोजायला ९० अंशांची व्ही-आकाराची खाच कापलेली पत्र्याची किंवा प्लायची फळी पुरते. फळी प्रवाहात आडवी बसवून कडेने चिकणमाती दाबायची, म्हणजे सगळं पाणी खाचेतूनच जातं. फळीच्या मागे मीटरभर अंतरावर, खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची. उंची ८ सेंमी असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे अडीच लिटर, १० सेंमीला ४.४ लिटर, १५ सेंमीला १२ लिटर, २० सेंमीला जवळपास २५ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटीहून जास्त वाढतो, म्हणून मोजपट्टी नीट धरा. मोजणी एकदाच करून भागत नाही. सकाळी सात ते नऊ, दुपारी आणि रात्री अशी तीन-चार दिवस करा. सकाळी सगळ्या घरांत अंघोळी-धुणी चालतात तेव्हाचा प्रवाह सरासरीच्या अडीच-तीन पट असतो, आणि बांधलेलं सगळं त्याच वेळी कसाला लागतं.

आता दोन हजार वस्तीच्या एका ओढ्याचं उदाहरण घेऊ. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा धरला आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं मानलं तर माणशी १०८ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे २ लाख १६ हजार लिटर, तासाला ९ हजार. माणशी बीओडी २७ ग्रॅम धरली तर एकूण ५४ किलो, आणि पाण्यात ती लिटरला २५० मिलिग्रॅम बसते. आंघोळीच्या नदीला मर्यादा ३ मिलिग्रॅमची आहे. दोन्हींत किती अंतर आहे ते लक्षात ठेवा, म्हणजे पुढे कुणी काही अचाट दावा केला तर तो तपासता येईल.

एक उदाहरण धबधब्यांचं. दगडी पायऱ्यांवरून पाणी पाडलं की ऑक्सिजन मिसळतो, हे खरंच आहे. पण किती? कोल्हापूरच्या उंचीवर २५ अंशाच्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ७.७ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. ऑक्सिजन संपलेलं घाण पाणी फूटभर उंचीवरून पडलं तर त्यातला अंदाजे १ मिलिग्रॅम उचलतं. आपल्या ओढ्याला तेवढ्यातून दिवसाला जेमतेम पाव किलो ऑक्सिजन मिळतो आणि मागणी आहे ५४ किलोची. त्यावर अमोनियाची भर असते, कारण १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला जिवाणूंना साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणून वरच्या टोकाला, ताज्या सांडपाण्यावर धबधबे बांधणं म्हणजे पैसा आणि दगड दोन्ही वाया घालवणं. उलट तिथे वास आणि फेस वाढतो. पायऱ्या शेवटी हव्यात, बराचसा भार उतरल्यावर.

भार उतरवण्याचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे गाळ बसू देणं. म्हणून क्रम असा ठेवा. सर्वांत वर कचऱ्याची जाळी. गजांमध्ये ४० ते ५० मिलिमीटर फट ठेवा आणि जाळी उभी न लावता प्रवाहाच्या दिशेने ४५ ते ६० अंशात मागे कललेली लावा, म्हणजे काठावरून दाताळ्याने कचरा वर ओढता येतो. तिच्या बाजूला पाणी निथळायला सिमेंटचा ओटा हवा आणि निथळ परत नाल्यात यायला हवी. ही जाळी रोज साफ करावी लागते. आठवड्यातून एकदा साफ करू म्हणणाऱ्यांनी ती बसवूच नये, कारण तिसऱ्या दिवशी पिशव्या आणि निर्माल्याने ती गच्च होते आणि पाणी बाजूने काठ फोडतं.

जाळीखाली डोह. गॅबियन जाळीत, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेटीत, काळा दगड भरून ५० सेंमी उंचीचा आडवा बांध घातला आणि ओढ्याचा उतार २०० मीटरला १ मीटर असेल तर पाणी १०० मीटर मागे तुंबतं. तीन मीटर रुंदीच्या ओढ्यात या पाचरीसारख्या साठ्यात ७५ हजार लिटर पाणी मावतं. सरासरी प्रवाहाला आठ तास, सकाळच्या गर्दीला तीन तास. एवढ्यात निम्म्याहून जास्त तरंगते कण आणि जवळपास ३० टक्के बीओडी तळाशी बसते, म्हणजे २५० चे १७५ होतात. ओढ्याचा उतार तीव्र असेल, समजा ५० ला १, तर तेवढाच बांध फक्त २५ मीटर पाणी धरतो, मग एकाऐवजी तीन-चार बांध लागतात. डोह याहून मोठा करण्याचा मोह टाळा. पाणी फार वेळ पडून राहिलं की ते सडतं आणि सडक्या अंड्याचा वास गल्लीभर पसरतो.

या डोहात गाळ किती जमतो? वरच्याच वस्तीला दिवसाला अर्धा ते पाऊण घनमीटर पातळ गाळ. महिन्याभरात डोहाचा पाचवा ते तिसरा हिस्सा भरून जातो. नाले सुधारण्याचे बहुतेक प्रयत्न इथेच मोडतात. बांधायला उत्साह असतो, गाळ काढायला कुणी नसतं, आणि सहा महिन्यांत डोह भरला की पाणी पूर्वीसारखंच वरून धावतं. महिन्यातून एकदा काठावरून मडपंपाने गाळ खेचायचा, वाळूच्या वाफ्यावर वीतभर जाडीचा पसरायचा. उन्हाळ्यात तो दहा-पंधरा दिवसांत भेगाळतो. मग पाचटाबरोबर थर लावून चार महिने कुजवायचा. पालेभाजीला हे खत कधीही घालू नये. आणि एक गोष्ट सोडू नका, गाळ काढायला माणूस डोहात किंवा मोरीत उतरवायचा नाही. हायड्रोजन सल्फाइड एका श्वासात माणसाला पाडतो, आणि हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदीही आहे.

डोहानंतर जिवाणूंना घर द्यायचं. इथे अनेकजण पुस्तकातली आकृती पाहून नाल्याच्या तळात २० मिलिमीटर खडीचा लांबलचक थर टाकतात. पाणी त्यातून जातच नाही. तीन मीटर रुंद, ६० सेंमी खोल आणि शंभराला एक उतार असलेल्या थरातून, थोडा चोंदल्यावर, दिवसाला जेमतेम ३०-४० हजार लिटर झिरपतं. बाकीचे पावणेदोन लाख लिटर वरून जातात. म्हणून नाल्याच्या आत खडी नको, जाड दगड हवा: ६० ते १०० मिलिमीटरचा, गॅबियनमध्ये भरलेला, ४० सेंमी उंच आणि मीटर-दीड मीटर जाड आडवा पट्टा, दर १५-२० मीटरवर एक. पाणी त्याच्या आतूनही जातं, वरूनही जातं. दोन पट्ट्यांच्या मधे दोन्ही काठांना उथळ, वीतभर पाण्यात झाडं. दगडांमध्ये नारळाच्या काथ्याच्या गुंडाळ्या ठेवल्या तर जिवाणूंना चिकटायला पृष्ठभाग पुष्कळ वाढतो. काथ्या सावकाश कुजतो, म्हणून चालतो. कोल्हापुरात फुकट मिळतं म्हणून चिपाड किंवा बगॅस मात्र घालू नका. त्यातली उरलेली साखर पाण्यात उतरते आणि बीओडी कमी व्हायच्याऐवजी वाढते. पाचटही लवकर सडतं.

दगड, तंतुमय माल आणि झाडं यांचे असे आडवे पट्टे वापरण्याची पद्धत पुण्याच्या डॉ. संदीप जोशींनी 'ग्रीन ब्रिज' नावाने मांडली आणि उदयपूरच्या आहड नदीवर ती वापरली गेली. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचीही नाल्यातच प्रक्रिया करण्याची पद्धत आहे. दोन्हींचा गाभा एकच: पाण्याला अडवत अडवत, टप्प्याटप्प्याने पुढे न्यायचं.

काठाला चार गुंठे मोकळे असतील तर खडीचा खरा वाफा तिथे करा. तो लांबीपेक्षा रुंदीला जास्त हवा, कारण पाणी आत शिरायला समोरचा छेद मोठा लागतो. आपल्या उदाहरणातलं सगळं पाणी घ्यायचं तर समोरची रुंदी अठरा-वीस मीटर लागते. खोली ६० सेंमी, आत शिरताना आणि बाहेर पडताना पाऊण मीटर जाडीचा ६०-८० मिलिमीटर दगड, मधे २०-४० मिलिमीटरची खडी. खडी धुऊनच टाका. क्रशरची कच राहिली तर वाफा जन्मालाच चोंदलेला असतो. मुरूम तर अजिबात नको, तो वर्षभरात चिखल होतो. पन्हाळा-शाहूवाडीकडचा जांभा शेवटच्या पट्ट्यात घालता येतो, त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फेट धरून ठेवतं. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली पाच-दहा सेंमी ठेवा, म्हणजे डास होत नाहीत. शंभर चौरस मीटरला, म्हणजे गुंठ्याला, २१ ब्रास माल लागतो.

आणि जागेचा हिशोब खरा सांगितला पाहिजे. बीओडी १७५ वरून ३० वर आणायची तर या दोन हजार वस्तीला सुमारे २५ गुंठे वाफा लागेल. तीन मीटर रुंदीच्या नाल्याचे ५०० मीटर जरी पूर्ण वापरले तरी ती १५ गुंठेच जागा होते, आणि कागदावर बीओडी ६० च्या आसपास येते. तीस मीटरचा हिरवा पट्टा लावून फीत कापली तर पाण्यात पाच-सहा टक्क्यांपलीकडे फरक पडत नाही. म्हणूनच कोल्हापूर शहरातल्या जयंती नाल्यासारख्या मोठ्या नाल्याला हा उपाय नाही. त्याचं पाणी अडवून पंपाने कसबा बावड्याच्या दिवसाला ७६ दशलक्ष लिटरच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात न्यावंच लागतं. आपली पद्धत आहे ती त्याला मिळणाऱ्या लहान ओढ्यांसाठी, शहराच्या कडेच्या आणि नदीकाठच्या गावांसाठी, जिथे ड्रेनेजची पाइप पुढची दहा वर्षं पोचणार नाही.

झाडांबद्दल गैरसमज फार आहेत. झाड सांडपाणी 'पितं' असं म्हणतात, पण त्याने उचललेला नायट्रोजन-फॉस्फरस एकूण भाराच्या मानाने थोडा असतो. झाडाची खरी मदत मुळांची. ती दगडांतल्या वाटा मोकळ्या ठेवतात, जिवाणूंना जागा देतात, पाण्याचा वेग मोडतात. कर्दळ, पाणकणीस, देवनळ, लव्हाळा आणि कडेला वाळा, एवढी नावं पुरे. दोन-तीन डोळ्यांचा गड्डा, चौरस मीटरला चार, खडीत बोटभर खोल. पहिले दोन आठवडे पाणी पृष्ठभागापर्यंत ठेवा, मग हळूहळू खाली न्या. सहा ते आठ आठवड्यांत झाडं धरतात. दगडावरचा थरही तीन-चार आठवड्यांत धरतो, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जरा उशिरा. विरजण म्हणून शेण टाकू नका, ते फक्त भार वाढवतं. जुन्या, चालू पट्ट्यातले चार टोपल्या बुळबुळीत दगड नव्या पट्ट्यात ठेवले की काम होतं.

अळू लावू नका. ते झकास वाढेल, आणि म्हणूनच कुणीतरी वड्यांसाठी पानं तोडून नेईल. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, तर मुळीच नको. रंकाळा तलावावर ते कसं पसरतं हे पाहिलेल्यांना सांगायला नको. ते पाण्यावर झाकण घालतं, हवा आणि ऊन अडवतं, खाली कुजतं आणि पुरात नदीत जाऊन पुढच्या बंधाऱ्याला अडकतं. लावलेली झाडं फेब्रुवारीत आणि मेच्या मध्यात वीतभर ठेवून कापायची आणि कापलेलं त्याच दिवशी बाहेर न्यायचं. तिथेच पडू दिलं तर उचललेलं सगळं परत पाण्यात.

बिघाड डोळ्यांनी ओळखता येतात. पाणी राखाडी असेल तर सांडपाणी ताजं आहे. काळं आणि सडक्या अंड्याचा वास म्हणजे ऑक्सिजन संपलाय, बहुधा डोह गाळाने भरलाय. दगडांवर पांढरट, लोकरीसारखे झुबके लोंबत असतील तर वरून बहुधा साखरेचं पाणी येतंय. गुऱ्हाळाच्या हंगामात काहिली धुतलेलं पाणी किंवा मळी ओढ्यात सोडली की हेच दिसतं, आणि लिटमस लावला तर पाणी आंबट निघतं. अशा वेळी दगड खरवडत बसण्यापेक्षा वर चालत जाऊन ते तोंड शोधा. गॅबियनच्या तोंडाशी हिरवट-तपकिरी तंतूंचा लगदा बसत असेल तर ते शेण आहे. एका म्हशीच्या शेणाचा भार दहा-पंधरा माणसांच्या सांडपाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणजे वर वीस म्हशींचा गोठा असेल तर तुमचा दोन हजारांचा हिशोब आधीच चुकलाय. गोठ्याला स्वतंत्र शेणखड्डा किंवा गोबरगॅस करून दिल्याशिवाय खाली काहीही टिकणार नाही. तेलाचा इंद्रधनुषी तवंग गॅरेजचा. धातूला मुलामा देणाऱ्या कामाचं तेजाबी पाणी किंवा कापडाच्या प्रोसेसचं रंगीत पाणी येत असेल तर ही पद्धत वापरूच नका. जिवाणू मरतात, धातू गाळात साठतात आणि तो गाळ कुठल्याच शेतात घालता येत नाही.

सुधारणा मोजायची तर विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयाआधी मोजा. दुपारी तीनला शेवाळामुळे आकडा फुगतो आणि सगळं छान वाटतं. नमुना नेहमी दोन ठिकाणचा घ्या, डोहाच्या वर आणि शेवटच्या पायरीखाली, आणि एकाच आठवड्यात दोन-तीनदा. तळाचे किडेही सांगतात: फक्त लाल सुतासारखे किडे असतील तर ऑक्सिजन फार कमी आहे. चतुराची पिल्लं दगडाखाली सापडायला लागली की पाणी सुधारतंय.

पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली जाणार हे धरूनच बांधा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदी फुगली की पाणी नाल्यांतून उलटं आत शिरतं. म्हणून बांध गुडघ्याच्या वर नेऊ नका, काठात दोन्ही बाजूंनी मीटरभर आत रोवा आणि खालच्या बाजूला दगडांचा बिछाना करा, नाहीतर पडणारं पाणी पायाखालची माती उकरून गॅबियनच आडवं करतं. वेळापत्रक कोल्हापुरी बंधाऱ्याचंच लावा. बरगे, म्हणजे बंधाऱ्यातल्या पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायची वेळ आली की आपणही जाळी उचलायची, काथ्या बाहेर काढायचा आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्याच्याही आधी, वळीव यायच्या आत, एप्रिलच्या अखेरीपर्यंत, डोहातला शेवटचा गाळ उपसायचा. पाऊस ओसरून बरगे परत बसायला लागले की गॅबियनच्या तारा तपासायच्या, अडकलेल्या फांद्या काढायच्या, वाहून गेलेल्या कर्दळीच्या जागी नवे गड्डे लावायचे आणि जाळी पुन्हा खाली सोडायची.